गुदद्वाराची जुनी चीर आणि तिचा पहारेकरी कोंब

पहांटेच्या लोकलनें विरार-वसईहून मुंबईस निघणारा नोकरदार वाटेंत अडचण नको म्हणून पाणी बेतानें पितो, आणि शौचाची भावना झाली तरी ती दडपतो. अशा संवयींनीं मळ कठीण होतो व बाहेर पडतांना गुदद्वाराच्या नाजूक त्वचेस चीर पाडतो. सुरी फिरल्यासारखी वेदना आणि थोडें लाल रक्त, हीं तिचीं लक्षणें. आयुर्वेदांत परिकर्तिका म्हणून जी कातरल्यासारखी वेदना सांगितली आहे, ती बहुधा हीच.

नवी चीर पुष्कळदां औषधानेंच भरते. सहा ते आठ आठवडे उलटूनहि ती भरली नाहीं म्हणजे तिला जुनी म्हणतात. अशा चिरेच्या बाहेरच्या टोंकाशीं त्वचेचा कोंब वाढतो, आंतल्या टोंकाशीं अंकुर फुगतो. बाहेरचा कोंब हातास लागतो आणि लोक त्यालाच मूळव्याध समजतात. तेथेंच घात होतो. मूळव्याधींत रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगतात. हा कोंब मात्र जखमेच्या दाराशीं उभा असलेला पहारेकरी होय, आणि पाश्चात्त्य शस्त्रवैद्यांनीं त्यास नांवहि तेंच दिलें आहे. नुसता तो कापल्यानें दुखणें जात नाहीं.

दुखण्याचें मूळ आंतल्या वर्तुळाकार स्नायूंत असतें. हा स्नायु मनुष्याच्या इच्छेनें चालत नाहीं. वेदनेमुळें तो आवळतो, आवळल्यामुळें चिरेस रक्त कमी पोंचतें, आणि रक्तावांचून जखम भरत नाहीं. प्रथम मलम, ऊन पाण्यांत बैठक व मळ सैल करणारीं औषधें यांनीं हें चक्र तोडून पाहतात. तें न साधल्यास शस्त्रक्रिया करतात. दक्षिण आफ्रिकेंतील आयझेनहॅमर यांनीं १९५१ सालीं या स्नायूचा छेद पुढें मांडला. लंडनच्या नोटारस यांनीं १९६९ सालीं तो एका बाजूस, त्वचेखालून घेण्याची रीत दाखविली. स्नायूचे थोडे तंतु छेदले कीं ताण सुटतो व चीर बहुधा कांहीं आठवड्यांत भरते. मोठे कोंब त्याच वेळीं काढतां येतात. छेद अधिक झाल्यास वायु वा मळ रोखण्याची शक्ति उणावते. म्हणून हें काम जाणत्या हातांचेंच.

वसईचा भाजीपाला पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस जात आला. तो घरच्या ताटांतहि असावा, आणि जोडीस भरपूर पाणी. मात्र रक्त दिसलें तर लाज बाजूस ठेवून तपासणी करवावी. तेंच लक्षण कर्करोगाचेंहि असूं शकतें, आणि त्याचा निर्णय घरबसल्या होत नाहीं.