दौंड जंक्शन रेल्वे स्थानक

दौंड जंक्शन हे महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील दौंड शहरात, भीमा नदीच्या दक्षिण काठाजवळ असलेले रेल्वे स्थानक आहे. मुंबई–चेन्नई लोहमार्गावरील हे स्थानक पुण्यापासून सुमारे ७६ किमी अंतरावर असून येथून मनमाड व बारामतीकडे जाणारे मार्ग फुटतात. ब्रिटिशकालीन कागदपत्रांत त्याचे नाव 'धोंड' असे आढळते.

इतिहास

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा पुणे–डिकसळ मार्ग १८५८ च्या अखेरीस खुला झाला व दौंड रेल्वेच्या नकाशावर आले. मात्र गावाला जंक्शनचे महत्त्व मिळाले ते १८७८ मध्ये, धोंड–मनमाड सरकारी लोहमार्गामुळे. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळात या मार्गावरील मातीकामाने अनेक दुष्काळग्रस्तांना मजुरी मिळवून दिली. तोपर्यंत उत्तरेकडून सोलापूरकडे रेल्वेने जाणारा माल आधी थळ घाटातून कल्याणपर्यंत उतरवून पुन्हा बोर घाट चढवावा लागे. नव्या मार्गाने हे दोन्ही घाट टळले.

बारामतीकडे जाणारा मार्ग १९१४ मध्ये नॅरोगेज म्हणून सुरू झाला. पुढे तो ब्रॉडगेज करण्यात आला. रेल्वेच्या नोकरीनिमित्त आलेल्या अँग्लो-इंडियन व इतर प्रांतांतील कुटुंबांमुळे दौंडची वस्ती आसपासच्या गावांहून बरीच संमिश्र झाली.

रचना

मनमाड मार्ग भीमेवरील पूल ओलांडून पश्चिमेकडून, म्हणजे पुण्याच्याच बाजूने, स्थानकात शिरतो. उत्तर–दक्षिण वाहतुकीला ही मांडणी सोयीची आहे: दिल्लीहून बंगळूरूला जाणारी कर्नाटक एक्सप्रेस येथून सरळ सोलापूरकडे निघते. पुण्याहून अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर) जाणाऱ्या गाड्यांची मात्र यात अडचण होते. झेलम एक्सप्रेससारख्या गाडीचे इंजिन येथे काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे व गाडी आल्या दिशेनेच परत निघे. यात वेळ जाई आणि फलाटही अडून राही.

त्यावर उपाय म्हणून पुणे व मनमाड मार्गांना थेट जोडणारी सुमारे एक किलोमीटरची कॉर्ड लाइन टाकण्यात आली आणि तिच्यावर 'दौंड कॉर्ड लाइन' हे वेगळे स्थानक झाले. लांब पल्ल्याच्या प्रवाशांचा वेळ त्यामुळे वाचतो. दौंडकरांसाठी हा लाभ निर्भेळ नाही, कारण कॉर्ड लाइनने जाणारी गाडी मुख्य स्थानकात येत नाही. तिच्यातून उतरून सोलापूर किंवा बारामतीची गाडी धरायची तर सामानासह मुख्य स्थानक गाठावे लागते.

वाहतूक व प्रशासन

दौंडहून नोकरी व शिक्षणासाठी पुण्याला रोज ये-जा करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. २०१७ मध्ये पुणे–दौंड डेमू सेवा सुरू झाली. या टप्प्याला उपनगरी दर्जा मिळावा ही प्रवाशांची जुनी मागणी आहे. शेजारच्या शिरूर तालुक्यात लोहमार्गच नसल्याने तेथील वाहतुकीचा भार पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर पडतो. दौंड स्थानक दीर्घकाळ मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात होते. २०२४ मध्ये ते पुणे विभागाला जोडण्यात आले.