सुतारकामाची पहिली दोन वर्षे

दहावीचा निकाल लागला की अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. मार्क कमी पडले, पुढे शिकण्यात मन नाही, आता पोराला कुठे लावायचे? अशा वेळी मामू किंवा ओळखीचा एखादा ठेकेदार म्हणतो, "पाठवा माझ्याबरोबर साइटवर, सुतारकाम शिकेल." यात वाईट काहीच नाही. फक्त तो कोणाच्या हाताखाली आणि नेमके काय शिकणार, हे अम्मी-अब्बांनी आधी विचारून घ्यावे. नाहीतर पाच वर्षांनंतरही मुलगा फळ्या उचलणारा हेल्परच राहतो.

नव्या घराच्या बांधकामात सुतारकाम तीन प्रकारचे असते. पहिले सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठी साचे आणि टेकू उभारणे. हे जोखमीचे काम आहे. ऑर्डिनरी पोर्टलंड सिमेंट वापरले असेल, तर साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस काढू नयेत, असे भारतीय मानक ४५६ सांगते. दुसरे काम चौकटी आणि दरवाजांचे. तिसरे काम कपाटे आणि किचनच्या फर्निचरचे. ते घर जवळजवळ पूर्ण झाल्यावर सुरू होते.

मोठ्या शहरांतल्या उंच इमारतींत आता अ‍ॅल्युमिनियमचे तयार साचे येतात. त्यामुळे केवळ सेंट्रिंगवर अवलंबून राहू नये. सहा महिने साइटची शिस्त अंगवळणी पडली की चौकटीच्या कामाकडे वळावे, कारण कारागिराचा हात तिथेच तयार होतो. ओळंबा, गुण्या आणि पाणसळ लावून चौकट उभी करायची, मग दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही मापे सारखी आली तर चौकट काटकोनात आहे. ती थोडी जरी तिरकी बसली, तरी दार कायम घासत राहते आणि घरमालक सुताराचे नाव विसरत नाही.

हाताइतकाच हिशेबही महत्त्वाचा. हजेरीवर राबणारा आणि स्वतः काम घेणारा यांच्यात फरक पडतो तो इथेच. समजा, उंबऱ्याशिवायची ३ बाय ७ फुटांची चौकट करायची आहे आणि लाकूड ४ बाय ३ इंचांचे आहे. दोन उभे खांब आणि वरचा आडवा मिळून १७ फूट लांबी झाली. १७ गुणिले ४ गुणिले ३, भागिले १४४, म्हणजे सुमारे १.४२ घनफूट. त्यात कापण्यातली घट धरायची. एवढे गणित ज्याला तोंडपाठ आहे, त्याला लाकडाच्या वखारीत कोणी फसवू शकत नाही. नकाशा वाचणेही याच काळात शिकावे.

रीतसर शिकायचे असेल तर आयटीआयमध्ये कार्पेंटरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे आणि आठवी पास मुलालाही तिथे प्रवेश मिळतो. पुढे अ‍ॅप्रेंटिसशिप करता येते. उस्तादाकडे शिकलेल्यांसाठी २०२३ साली सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. हाताने काम करणाऱ्या स्वयंरोजगारी सुतारांना तिच्यात प्रशिक्षण, प्रशिक्षणकाळात रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने कर्ज अशी तरतूद आहे. कर्ज ऐच्छिक आहे. वय १८ पूर्ण हवे आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणीही विसरू नये. वय १८ ते ६० आणि मागील वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम, ही तिची अट आहे. दाखला वेळच्या वेळी मागून घ्यावा. साइट संपली की ठेकेदार सापडत नाही.

मुलाला साइटवर पाठवण्यापूर्वी उस्तादाला तीन गोष्टी स्पष्ट विचारा. रंधा आणि पटाशी त्याच्या हातात कधी देणार? मशीनवर बसवण्याआधी चष्मा, मास्क आणि उंचीवर सेफ्टी बेल्ट देणार का? पहिली चौकट तो एकट्याने केव्हा उभी करील? सरळ उत्तरे मिळाली, तर सुरुवातीची कमी मजुरी खुशाल मान्य करा. उत्तरे टाळली गेली, तर दुसरा उस्ताद शोधा.