ताप मोजून महासाथ अडत नाही

कोविडच्या काळात विद्यापीठं पुन्हा उघडताना काय काळजी घ्यायला हवी होती, हा विषय निघाला की एक उत्तर अजूनही हमखास ऐकू येतं : फाटकावर प्रत्येकाचा ताप मोजला, हातावर सॅनिटायझर दिलं, बाकांवर फवारणी केली, मग आणखी काय करायचं राहिलं? शिकलीसवरलेली माणसं असं बोलतात, शिक्षणसंस्था चालवणारेही बोलतात, आणि थर्मल गननेच मुलांना वाचवलं असं त्यांना मनापासून वाटत असतं. ही समजूत चुकीची असल्याचा पुरावा २०२० सालीच हाती आला होता, म्हणून तिचा जास्त त्रास होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तरीही प्रवेशद्वारावरचे थर्मल स्कॅनर होते. महाराष्ट्रातली महाविद्यालयं १५ फेब्रुवारी २०२१ पासून निम्म्या उपस्थितीने उघडली, तेव्हाही सगळ्यांचं लक्ष फाटकाकडेच होतं.

ताप मोजण्यात मुळात खोट काय आहे? ताप येतो तोवर उशीर झालेला असतो. 'नेचर मेडिसिन'मध्ये एप्रिल २०२० मध्ये आलेल्या अभ्यासात संसर्ग देणारा आणि घेणारा अशा ७७ जोड्या तपासल्या होत्या. बाधित माणसापासून पुढे होणाऱ्या लागणीपैकी सुमारे ४४ टक्के लागण त्याला लक्षणं दिसण्याच्या आधीच होते, असा त्यातला अंदाज होता. शिवाय विशी-बाविशीतल्या अनेकांना ताप येतच नाही, आणि ज्याला येतो तो परीक्षा बुडू नये म्हणून पॅरासिटामॉल घेऊन येऊ शकतो. थर्मल गन मोजते ते कपाळाच्या कातडीचं तापमान. उन्हातून चालत आलेला निरोगी विद्यार्थी तिला तापलेला दिसतो आणि बाधित विद्यार्थी थंड. अमेरिकेने हा उपाय मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. १७ जानेवारी ते १३ सप्टेंबर २०२० या काळात तिथल्या विमानतळांवर ७,६६,०४४ प्रवाशांची ताप-लक्षणांची तपासणी झाली, आणि त्यातून कोविडचे रुग्ण सापडले ९. पंच्याऐंशी हजार माणसांमागे एक! तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, हे आकडे स्वतःच छापले; अमेरिकेने ती तपासणी त्याआधीच बंद केली होती.

विद्यापीठांपुरता हाच प्रश्न पाल्टिएल, झेंग आणि वालेन्स्की या तीन अमेरिकी संशोधकांनी जुलै २०२० मध्ये गणिताने सोडवून पाहिला. सुमारे पाच हजार विद्यार्थ्यांचं निवासी विद्यापीठ, त्यात सुरुवातीला लक्षणं नसलेले १० बाधित आणि ८० दिवसांचं सत्र, अशी त्यांची मांडणी होती. दर दोन दिवसांनी, फार अचूक नसलेली स्वस्त चाचणी केली तर सत्राअखेर २४३ जणांना लागण होते. आठवड्यातून एकदाच केली तर १,८४० जणांना. आणि नुसती लक्षणं पाहत बसलं तर त्यांनी तपासलेल्या एकाही शक्यतेत साथ आटोक्यात येत नव्हती. चाचणी किती अचूक आहे यापेक्षा ती किती वेळा होते याला जास्त महत्त्व आहे, हा त्यातला खरा धडा आहे आणि तो आपल्याकडे फारसा कुणी घेतला नाही.

हे कागदावरचं गणित झालं, असा आक्षेप कुणी घेईल. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते जमिनीवरही उतरलं. चॅपल हिल इथल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने वसतिगृहांत ६० टक्क्यांहून कमी मुलं ठेवली होती, प्रत्यक्ष वर्गात ३० टक्क्यांहून कमी जागा भरल्या होत्या, मास्क सक्तीचे होते. परतणाऱ्या प्रत्येकाची चाचणी मात्र केली नव्हती. १० ऑगस्टला वर्ग सुरू झाले. आठवडाभरात विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्रातल्या चाचण्यांत बाधितांचं प्रमाण २.८ वरून १३.६ टक्क्यांवर गेलं आणि १७ ऑगस्टला पदवीचे वर्ग ऑनलाइन नेण्याची घोषणा करावी लागली. शेजारच्या डरहॅम शहरातल्या ड्यूक विद्यापीठाने पाच-पाच जणांचे नमुने एकत्र करून वारंवार चाचण्या चालू ठेवल्या. २ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर या काळात १०,२६५ विद्यार्थ्यांचे ६८,९१३ नमुने तपासले गेले; त्यांत बाधित निघाले ८४, आणि त्यांतल्या ५१ टक्के विद्यार्थ्यांना कसलंच लक्षण नव्हतं. फाटकावरच्या कुठल्याही गनने त्यांना आनंदाने आत सोडलं असतं. ड्यूक श्रीमंत आहे आणि त्यानेही वसतिगृहांतली गर्दी कमी केली होती, हे मान्य करायलाच हवं. पण गर्दी चॅपल हिलनेही कमी केली होती. तिथे नव्हती ती लक्षणं नसलेल्यांची वारंवार होणारी चाचणी.

मग चाचण्या केल्या की काम झालं, असंही नाही. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन आवारात विद्यार्थ्यांची आठवड्यातून दोनदा लाळेची चाचणी होत होती, दिवसाला दहा हजारांहून अधिक. विद्यापीठातल्याच भौतिकशास्त्रज्ञांनी साथीचं गणित मांडलं होतं आणि मुलं पार्ट्या करणार हेही त्यात धरलं होतं. बाधित ठरलेली काही मुलं विलगीकरण मोडून पार्ट्यांना जातील हे मात्र धरलं नव्हतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला रुग्ण इतके वाढले की विद्यार्थ्यांना दोन आठवडे अत्यावश्यक कामांपुरतंच बाहेर पडण्याचा आदेश निघाला. 'बघा, चाचण्यांनीही काही झालं नाही' असं म्हणणारे इथवरचीच गोष्ट सांगतात. पुढे रुग्ण घटले आणि सत्र चालू राहिलं. वाढ कुठे आणि कुणामुळे होते आहे हे दोन-चार दिवसांत कळलं म्हणून तो आदेश वेळेवर निघू शकला, आणि ते कळलं चाचण्यांमुळेच.

आता फवारणी. बाकं, दरवाजे, कड्या पुसण्यात विद्यापीठांनी प्रचंड पैसा आणि माणसांचे श्रम घातले. पृष्ठभागांमार्फत होणारी लागण अतिरंजित करून सांगितली जाते आहे, असं सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ इमॅन्युएल गोल्डमन यांनी जुलै २०२० मध्येच 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात लिहिलं होतं. एप्रिल २०२१ मध्ये सीडीसीने दूषित पृष्ठभागाला एकदा हात लावल्याने लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी असल्याचं सांगितलं. जुलै २०२० मध्येच २३९ शास्त्रज्ञांनी हा आजार हवेतून पसरतो याकडे लक्ष द्या, असं जाहीर आवाहन केलं होतं. मे २०२१ मध्ये भारत सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानेही सांगितलं की सूक्ष्म तुषार हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. विषाणू उदबत्तीच्या धुरासारखा खोलीभर पसरत असेल, तर बाक पुसून काय साधणार? खिडकी उघडायला हवी. पेरूमधल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांत क्षयरोगाच्या संदर्भात २००७ साली झालेला अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे : खिडक्या-दारं उघडल्यावर तिथल्या खोल्यांत तासाला साधारण २८ वेळा हवा बदलत होती, तर यंत्राने वायुवीजन केलेल्या खोल्यांसाठी शिफारस होती १२ वेळांची. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती त्यात सगळ्यांत सरस ठरल्या. पुण्या-मुंबईतल्या जुन्या दगडी महाविद्यालयांत तशाच खोल्या आहेत. धोका बंद काचांच्या, वातानुकूलित नव्या सभागृहांत जास्त होता, आणि तीच सभागृहं पुसून लख्ख केल्यामुळे सुरक्षित मानली गेली.

'अमेरिकेसारख्या चाचण्या आपल्याला परवडणार होत्या का?' हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर पूर्ण नकारार्थी नाही. नमुने एकत्र करून तपासायला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, एप्रिल २०२० मध्येच परवानगी दिली होती. जिथे संसर्ग कमी आहे तिथे एका वेळी पाचपर्यंत. ॲरिझोना विद्यापीठाने तर वसतिगृहांचं सांडपाणी तपासलं. ऑगस्ट २०२० मध्ये एका वसतिगृहाच्या सांडपाण्यात विषाणू दिसला, म्हणून तिथल्या ३११ जणांची चाचणी केली आणि लक्षणं नसलेले दोन बाधित वेळीच सापडले. एका नमुन्यात अख्ख्या वसतिगृहाची खबर! खिडक्या उघडणं, वर्ग व्हरांड्यात घेणं, दोन तासिकांमध्ये खोली रिकामी ठेवणं याला तर पैसाही लागत नाही. कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र वर्गात ठेवलं तरी हवा कोंडली की खेळती आहे ते लगेच कळतं : बाहेरच्या हवेत दहा लाखांत साधारण ४२० भाग असतात, वर्गात ते दीड-दोन हजारांवर गेले तर सगळे एकमेकांच्या उच्छ्वासातच बसले आहेत. 'थर्मल गनने निदान नुकसान तरी झालं नाही' हेही पटत नाही. फाटकावर रांगेत गर्दी झाली, कर्मचारी त्यात अडकले, आणि आकडा नॉर्मल आला म्हणून आत गेल्यावर मास्क हनुवटीवर आले.

उरलेल्या समजुतींना फार जागा द्यायची गरज नाही. माणसांवर फवारणी करणारे बोगदे : केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच नको म्हणून सांगितलं होतं, कारण त्याने शरीरात शिरलेला विषाणू मरत नाही आणि डोळ्यांना, कातडीला इजा होते. मास्कमुळे ऑक्सिजन कमी पडतो : पडत नाही, शल्यविशारद तासन्‌तास तो लावून उभे असतात. सहा फूट अंतर ठेवलं की मास्क नको : बंद खोलीत दोन तास बसल्यावर त्या सहा फुटांना फारसा अर्थ उरत नाही. दोन्ही डोस झाले की काळजी संपली : लस गंभीर आजारापासून उत्तम रक्षण करते, लागण पूर्ण थांबवत नाही, हे ओमायक्रॉनने दाखवून दिलं. तरुणांना काही होत नाही : आवारात साठीतले प्राध्यापक असतात, मेसमधल्या स्वयंपाकाच्या बायका असतात, सफाई कर्मचारी असतात, आणि त्या सगळ्यांच्या घरी आणखी माणसं असतात.

बाधित विद्यार्थ्याला घरी पाठवलं की विद्यापीठाची जबाबदारी संपते, ही समजूत यांतली सगळ्यांत घातक. सप्टेंबर २०२० मध्ये संसर्गरोगतज्ज्ञ डॉ. अँथनी फाउची यांनी अमेरिकेतल्या विद्यापीठांना नेमकं हेच करू नका असं बजावलं होतं, कारण त्याने एका आवारातली साथ शंभर गावांत पोहोचते. आपल्याकडे वसतिगृह रिकामं करायला सांगितलं की मुलगा एसटीत बसून आजी-आजोबांच्या घरी जातो. वसतिगृहात काही खोल्या आधीपासून रिकाम्या ठेवणं, तिथे रोज डबा आणि ऑक्सिमीटर पोहोचवणारा माणूस नेमणं आणि बुडालेल्या परीक्षेची दुसरी तारीख देणं हे विद्यापीठ उघडण्याच्या आधी ठरलेलं असावं लागतं. परीक्षा बुडणार नाही याची खात्री असेल, तरच मुलगा आपल्याला लागण झाल्याचं स्वतःहून सांगेल.