चढाईपटूला नोकरी हवीच

बेडसे-कामशेतच्या टापूत कबड्डी खेळणारा मुलगा आज पुण्यातल्या बालेवाडीच्या क्रीडा संकुलाकडे डोळे लावून बसला, तर त्यात गैर काही नाही. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि या खेळात घसघशीत पैसा आला. २०२४ मध्ये पुणेरी पलटण पहिल्यांदा विजेती ठरली, तेव्हा तिचा कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला चढाईपटू होता. पण लीगचा करार झाला की शिक्षण-नोकरीवर पाणी सोडावं, हा सल्ला मला घातक वाटतो. का, ते एक चढाई नीट पाहिली की कळतं. तीस सेकंदांत एकट्याने सात जणांत शिरायचं, निदानरेषा ओलांडायची, बोनससाठी एक पाय रेषेपलीकडे टेकवताना दुसरा हवेत ठेवायचा. नेमका तेव्हाच कोपऱ्यातला खेळाडू घोटा धरतो, सगळा भार एका गुडघ्यावर येतो आणि बाकीचे अंगावर कोसळतात. हे प्रत्येक सामन्यात अनेकदा होतं.

कोल्हापूरच्या सिद्धार्थ देसाईने २०१८ मध्ये लीगमधल्या आपल्या पहिल्याच हंगामात यू मुंबासाठी दोनशेहून जास्त गुण मिळवले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतलं. नंतर खांद्याच्या दुखापतीने जवळजवळ एक अख्खा हंगाम गेला. तो जिद्दीने परतला, मोठी बोलीही पुन्हा लागली. म्हणूनच कोणी म्हणेल, एवढे पैसे मिळत असताना नोकरी कशाला? पण एवढी बोली मोजक्यांच्याच वाट्याला येते आणि ती आयुष्यभराची नसते. अमेरिकन फुटबॉलमध्ये धावत जाऊन चेंडू झेलणाऱ्या वाइड रिसीव्हरची गत अशीच. जेरी राइस वीस हंगाम खेळला, पण खेळाडू संघटनेच्या हिशेबाने तिथली सरासरी कारकीर्द साडेतीन वर्षांचीही नाही. मात्र तीन हंगाम पदरी पडले की तिथे निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. आपल्याकडे हा आधार आजवर नोकरीनेच दिला. नोकरीमुळे खेळावरचं लक्ष उडतं, हा आक्षेप तर इतिहासात टिकत नाही: एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र यांच्या व्यावसायिक संघांतूनच महाराष्ट्राचे कितीतरी खेळाडू घडले. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण पदासाठी लागणारी शैक्षणिक पात्रता त्यांनाही चुकत नाही. तेव्हा सरावाच्या वेळापत्रकात परीक्षेचे दिवस आधी राखून ठेवणं, हे गावातल्या प्रशिक्षकांनी आपलंच काम मानायला हवं.