दाल्मेशियाची बंदरं आणि छोट्या जहाजाचा आठवडा

क्रोएशियाच्या दक्षिण किनाऱ्याला दाल्मेशिया म्हणतात. नकाशात इथली बेटं लांबट दिसतात आणि किनाऱ्याला समांतर अशा ओळींत आडवी पडलेली असतात. खरं तर हे डोंगरच आहेत. चुनखडीच्या खडकाला घड्या पडून डोंगररांगा तयार झाल्या. हिमयुग संपल्यावर समुद्र चढला, रांगांमधल्या दऱ्या पाण्याखाली गेल्या आणि माथे तेवढे वर राहिले. जगात कुठंही असा किनारा आढळला तर भूगोलाच्या पुस्तकांत त्याला ‘दाल्मेशियन किनारा’ असंच नाव मिळतं.

इथल्या जहाजसफरीचं सगळं गणित या रचनेवर बसलेलं आहे. बेटांच्या ओळींआड पाणी शांत राहतं, कारण उघड्या समुद्राची लाट आत येईपर्यंत मोडलेली असते. डोंगराची कड थेट पाण्यात उतरत असल्यामुळे काठालाच चांगली खोली मिळते. गाळ आणणाऱ्या मोठ्या नद्या थोड्या, म्हणून पाणी नितळ. आणि भरती-ओहोटी जेमतेम फूटभराची. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं. आपल्या कोकणात आगबोटी चालत होत्या तेव्हा कित्येक बंदरांत बोट बाहेर खोल पाण्यातच थांबायची आणि माणसं, पेट्या, आंब्याच्या करंड्या पडावातून काठाला लागायच्या. दाल्मेशियात ही पायरीच नाही. जहाज थेट दगडी धक्क्याला लागतं, फळी टाकली की माणूस गावाच्या चौकात.

गावंसुद्धा जहाजांच्या सोयीनंच वाढली आहेत. इसवी सन १४२० पासून १७९७ पर्यंत या किनाऱ्याच्या बहुतेक भागावर व्हेनिसचं राज्य होतं. व्हेनिसहून पूर्वेकडे जाणाऱ्या गॅली वल्ह्यांवर चालत. लांब, अरुंद जहाज, त्यात दाटीवाटीनं बसलेले वल्हेकरी, आणि उन्हाळ्यात वल्हं मारणाऱ्या माणसाला पाणी किती लागतं हे सांगायला नको. एवढं गोडं पाणी साठवायला जहाजात जागा नसे. त्यामुळे दर थोड्या अंतरावर पाणी, पाव आणि रात्रीचा निवारा देणारं बंदर हवंच होतं. एड्रिॲटिकचा इटलीकडचा किनारा सपाट आणि उघडा, इकडचा बेटांनी झाकलेला. शिवाय इकडच्या काठानं प्रवाह उत्तरेकडे वाहतो, परतीच्या गॅलींना तो आयता मिळे. म्हणून ह्वार, कोर्चुला यांसारखी बंदरं भरभराटीला आली.

आजच्या छोट्या जहाजाचं वेळापत्रक जवळपास याच टप्प्यांनी चालतं. ताशी आठ-दहा सागरी मैलांच्या वेगानं एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जायला साधारण तीन-चार तास लागतात. हजारो प्रवासी घेणारं अजस्र जहाज रात्रीत शेकडो मैल तोडतं, पण ह्वारच्या धक्क्याला त्याची लांबी मावत नाही. ते बाहेर नांगर टाकतं आणि माणसं लहान बोटींनी हप्त्याहप्त्यानं काठावर पाठवतं. या किनाऱ्यावर छोटं जहाजच घ्यावं असं मी आग्रहानं सांगतो, ते याच कारणासाठी. ही गावं ज्या मापाच्या जहाजांसाठी बांधली, त्या मापाच्या जहाजातून उतरलं की ती नीट कळतात.

छोटं म्हणजे किती? साधारण तीस ते चाळीस प्रवासी, पंधरा-वीस केबिन, लांबी पन्नास मीटरच्या आत. जुनी जहाजं लाकडी, नवी पोलादी. बरीचशी एकेका कुटुंबाच्या मालकीची असतात. स्प्लिटजवळच्या क्रीलो गावातली माणसं पूर्वी वाळू आणि माल वाहायची. आज त्या एका गावाच्या नावावर अशा प्रवासी जहाजांचा मोठा ताफा आहे. कप्तान, त्याचा भाऊ, मुलगा, स्वयंपाकी आणि दोन-चार खलाशी, असा एकूण कारभार.

फेऱ्या बहुधा शनिवार ते शनिवार. सकाळी न्याहरी होते न होते तोच दोर सुटतात. अकरा-बाराच्या सुमाराला एखाद्या निर्जन खाडीत नांगर पडतो, मागची शिडी पाण्यात सोडतात आणि पोहणारे पोहतात. काठाच्या खडकांवर समुद्री साळू म्हणजे काटेरी गोळ्यांसारखे जीव चिकटलेले असतात, त्यामुळे रबरी जोडे घातल्याशिवाय पाय टेकवू नये. दुपारचं जेवण जहाजावर, मग पुढचा टप्पा, आणि तीन-चारच्या सुमाराला बंदर. रात्रीचं जेवण तिकिटात धरलेलं नसतं, ते ज्यानं त्यानं गावात घ्यायचं. फक्त एक संध्याकाळ कप्तानाच्या मेजवानीची. सुरुवातीला हा हिशेब अनेकांना खटकतो, पण त्यामुळेच माणूस जहाजावर बसून न राहता गल्ल्यांमध्ये फिरतो, कोनोबा म्हणजे खानावळीत शिरतो. जहाजही रात्रभर बंदरातच असतं, त्यामुळे परतायची घाई नाही.

बंदराला लागण्याचा प्रकार मात्र वर उभं राहून पाहावा. ह्वार किंवा कोर्चुलाच्या धक्क्यावर जागा दोन-तीन जहाजांची आणि येणारी दहा. मग पहिलं जहाज धक्क्याला कुशी लावतं, दुसरं पहिल्याला, तिसरं दुसऱ्याला. खलाशी दोन्ही अंगांच्या मध्ये हवेनं फुगवलेले मोठे गोळे सोडतात, दोर एका जहाजावरून दुसऱ्यावर फेकले जातात, आणि कप्तान इंचाइंचानं जहाज पुढंमागं करत दोन्ही जहाजांचे दरवाजे बरोबर समोरासमोर आणतो. दार दाराला भिडलं की मध्ये छोटी फळी टाकतात. गावात जायला तुम्ही शेजारच्या जहाजाच्या दिवाणखान्यातून, मग त्याच्या शेजारच्याच्या, असं करत उतरता. कुणी पत्ते खेळत असतं, कुणी चहा घेत असतं, तुम्ही मान लववून पुढं जाता. याची दुसरी बाजूही ध्यानात असू द्या. केबिनच्या खिडकीबाहेर समुद्राऐवजी दुसऱ्या जहाजाची भिंत येते आणि शेजाऱ्याचं जनित्र रात्री घरघरतं. आतल्या जहाजाला पहाटे निघायचं असेल तर बाहेरच्या सगळ्यांनी आधी दोर सोडायचे, म्हणून कुणी किती वाजता सुटायचं हे कप्तान मंडळी आदल्या दिवशीच ठरवून टाकतात.

वेळापत्रकावर खरी सत्ता वाऱ्यांची. इथं तीन वारे नावानं ओळखले जातात. मायेस्त्राल हा उन्हाळ्यातला वायव्येचा वारा. सकाळी उशिरा सुटतो, दुपारी भरात येतो, सूर्य मावळला की पडतो. आकाश स्वच्छ ठेवतो, उकाडा कमी करतो, सगळ्यांचा लाडका. बुरा ईशान्येचा. डोंगरांमागची थंड, जड हवा उतारावरून कोसळत समुद्रावर येते, झोत एकदम आणि जोराचे. युगो आग्नेयेचा, दमट आणि ढगाळ, दोन-तीन दिवस चिवटपणे वाहणारा, लांब लाटा उठवणारा. ज्यांना बोट लागते त्यांना खरा त्रास युगोचा. बेटांच्या आडोशानं तो पुष्कळ कमी होतो, तरी औषध जवळ असावं. बुरा किंवा युगो जोरात असेल तर कप्तान ठरलेलं बेट वगळून दुसऱ्या बंदरात जाईल. हे छापील करारातही लिहिलेलं असतं आणि त्यावर हुज्जत घालू नये.

आता वाटेतली गावं. स्प्लिटमधून बहुतेक सफरी सुटतात. रोमन सम्राट डायोक्लीशननं पद सोडल्यावर राहण्यासाठी इथं प्रासाद बांधला, तो इसवी सन ३०५ च्या सुमाराला पुरा झाला. सातव्या शतकात जवळचं सलोना शहर पडलं तेव्हा तिथले लोक या भिंतींच्या आत आसऱ्याला आले आणि मग तिथंच राहिले. प्रासादाचं शहर झालं ते असं. आजही रोमन कमानीला टेकून घरं आहेत, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. दक्षिणेच्या भिंतीशी पूर्वी समुद्रच होता, तिथल्या दरवाजातून नावेतून थेट आत येता येई.

ह्वारमध्ये चौकाच्या कडेला गॅली दुरुस्त करायची मोठी कमानदार इमारत आहे आणि तिच्या वरच्या मजल्यावर १६१२ साली उघडलेलं नाट्यगृह. सरदार आणि सामान्यजन यांच्यातल्या दीर्घ रक्तरंजित भांडणानंतर समेट झाला, त्यानंतर दोघांनाही एका छपराखाली बसता येईल असं हे नाट्यगृह उभं राहिलं. याच बेटावर स्तारी ग्राद आहे. इसवी सनापूर्वी ३८४ मध्ये पारोस बेटावरून आलेल्या ग्रीकांनी तिथं वस्ती केली आणि मागच्या सपाटीवर दगडी बांध घालून सारख्या मापाच्या पट्ट्या पाडल्या. त्या बांधांच्या आत आजही द्राक्षं आणि ऑलिव्ह पिकतात. तेवीस-चोवीस शतकं तोच सर्व्हे नंबर चालू आहे म्हणा ना. शेतीची ज्याला ओढ आहे त्यानं ह्वारच्या झगमगाटातून वेळ काढून इथं सायकलनं यावंच.

कोर्चुला माझं सगळ्यात आवडतं. एका लहानशा भूशिरावर गाव वसलं आहे आणि त्याच्या गल्ल्या माशाच्या काट्यासारख्या मधल्या रस्त्याला दोन्हीकडून जोडल्या आहेत. पश्चिमेकडच्या गल्ल्या सरळ, म्हणजे उन्हाळ्यात मायेस्त्राल थेट गावात शिरून घरं गार करतो. पूर्वेकडच्या किंचित वळवलेल्या, म्हणजे हिवाळ्यातला बुरा भिंतींवर आपटून मोडतो. दुपारी मधल्या रस्त्यावर उभं राहून आधी पश्चिमेच्या आणि मग पूर्वेच्या गल्लीच्या तोंडाशी जा. गावाचा आराखडा अंगाला जाणवतो. मार्को पोलो इथलाच, असं गावकरी सांगतात आणि एक घरही दाखवतात. त्याला भक्कम कागदोपत्री आधार नाही. १२९८ मध्ये व्हेनिस आणि जिनोआ यांची मोठी आरमारी लढाई मात्र याच बेटाजवळ झाली. मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात आपल्या ठाण्याच्या राज्याचीही हकिगत आहे, तेव्हा मराठी माणसाला त्या घरापाशी थांबायला एक कारण आहेच.

पुढं म्ल्येत. बेटाचा पश्चिम भाग १९६० पासून राष्ट्रीय उद्यान आहे. दाट पाइनच्या जंगलात दोन सरोवरं, दोन्ही खाऱ्या पाण्याची, कारण एका अरुंद वाटेनं समुद्र आत येतो. फूटभराच्या भरतीनंसुद्धा त्या चिंचोळ्या जागी चांगली ओढ लागते आणि काही तासांनी ती उलटी फिरते. मोठ्या सरोवरातल्या बेटावर बेनेडिक्टाइन भिक्षूंचा जुना मठ आहे. या बेटावर विषारी साप फार होते म्हणून १९१० मध्ये मुंगसं आणून सोडली गेली, जातीनं आपल्याकडचीच, छोटी भारतीय मुंगसं. साप जवळजवळ संपले. पण मुंगूस सापावर थांबत नाही. पक्ष्यांची अंडी, सरडे, कोंबड्या, सगळ्यांवर संक्रांत आली, आणि आज तीच मुंगसं उपद्रवी परकी जात म्हणून गणली जातात. बांधावर एखादं सुरकन पळताना दिसलं तर क्षणभर आपण कुठं आहोत ते विसरायला होतं.

शेवटी दुब्रोव्निक. इथं छोट्या जहाजाचा फायदा संपतो. जुन्या बंदरात जागा नाही, सगळ्यांनी ग्रुझ बंदरात लागायचं आणि तीन किलोमीटर बसनं जायचं. तटबंदीची फेरी जवळपास दोन किलोमीटरची, ती सकाळी उघडल्या उघडल्या करावी. दुब्रोव्निक व्हेनिसपासून वेगळं, स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. ते १८०८ मध्ये फ्रेंचांनी मोडलं. १३७७ मध्ये या शहरानं साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा कायदा केला. विलगीकरणाचा असा कायदा याआधी कुणी केल्याचं दिसत नाही. शहराचा रक्षणकर्ता संत व्लाहो. त्याच संताचं, साव ब्राझ या नावाचं, चर्च गोव्यात गवंडाळीला आहे आणि त्याचा संबंध दुब्रोव्निकच्या व्यापाऱ्यांशी जोडला जातो.

जाण्याची तयारी करताना दिशा आधी ठरवा. स्प्लिटहून परत स्प्लिटला येणाऱ्या सफरीपेक्षा स्प्लिट ते दुब्रोव्निक अशी एकेरी सफर मला बरी वाटते. गावं दुसऱ्यांदा येत नाहीत आणि मायेस्त्राल पाठीशी राहतो. जून किंवा सप्टेंबर निवडा. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी छान असतं, पण धक्क्यावर चार-चार जहाजं चिकटतात. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे आणि चलन युरो, त्यामुळे शेंगेन व्हिसा चालतो. पूर्वी दुब्रोव्निकहून स्प्लिटला रस्त्यानं परतताना मध्ये बोस्नियाचा चिंचोळा किनारा ओलांडावा लागे. २०२२ च्या जुलैत पेल्येशाचचा पूल झाल्यापासून ती अडचण नाही. बंदर शुल्क आणि पर्यटक कर बहुधा जहाजावर वेगळा, रोखीनं घेतात. शाकाहारी असाल तर तिकीट काढतानाच लेखी कळवा आणि मासे, अंडी चालतात की नाही तेही स्पष्ट लिहा. जहाजाचा स्वयंपाकी आठवड्याचं सामान शनिवारी सकाळीच भरतो. मोठ्या कडक बॅगा आणू नका, केबिनमध्ये त्या ठेवायला जागा नसते. जिना उतरणं जड जात असेल तर खालच्या मजल्याऐवजी मुख्य डेकवरची केबिन मागा. थोडी महाग पडते, पण तिथं हवा खेळती असते.