फ्रान्सिस्को दे आरो : कुरण, कागद आणि मालकी

प्रस्तावना
मेक्सिकोच्या अमलाखालील कॅलिफोर्नियात स्थानिक सत्ता व जमीन बहुधा एकाच हाती असे. येर्बा बुएना, म्हणजे आजचे सॅन फ्रान्सिस्को, या वस्तीचा पहिला आल्काल्दे फ्रान्सिस्को दे आरो (१७९२–१८४९) याचे चरित्र या दृष्टीने उद्बोधक आहे. सत्तांतरानंतर त्याच्या कुटुंबाच्या जमिनीचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अधिकारी आणि पशुपालक
दे आरो १८१९ मध्ये लष्करी अधिकारी म्हणून कॅलिफोर्नियात आला. १८३४ मध्ये तो आल्काल्दे झाला. या पदावर नगरप्रमुख व न्यायाधीश अशी दुहेरी जबाबदारी असे. १८३५ मध्ये त्याने वस्तीचा पहिला रस्ता आखला. १८३९ मध्ये त्याच्याच कारकिर्दीत झां व्हिओजे याने गावाची पहिली मोजणी केली. तत्पूर्वी, १८३७ मध्ये, शंभर गाई व २५ डॉलरचा माल देऊन त्याने लागुना दे ला मेर्सेद ही २,२१९ एकरांची जहागीर विकत घेतली होती. १८४४ मध्ये राज्यपाल मिचेल्तोरेना याने त्याच्या रामोन व फ्रान्सिस्को या जुळ्या मुलांना पोत्रेरो येथे गुरे चारण्याचा परवाना दिला. ‘पोत्रेरो’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थच कुरण असा आहे.

सत्तांतर
२८ जून १८४६ रोजी सॅन राफाएल येथे अमेरिकन अधिकारी फ्रेमाँट याच्या तुकडीतील माणसांनी या दोन्ही मुलांना गोळ्या घातल्या. १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गो तहाने कॅलिफोर्निया अमेरिकेकडे गेला. तहात मेक्सिकन रहिवाशांच्या मालमत्तेला संरक्षणाची हमी होती. परंतु १८५१ च्या कायद्याने मालकी सिद्ध करण्याचा भार धारकांवरच टाकला. दे आरो १८४९ मध्येच निवर्तला होता. त्यामुळे हा झगडा त्याच्या वारसांना करावा लागला. लागुना दे ला मेर्सेदची सनद त्यांना १८७२ मध्ये मिळाली. पोत्रेरोचा दावा मात्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. १८४४ चा कागद हे जमिनीचे दान नसून केवळ वहिवाटीची तात्पुरती परवानगी आहे, आणि अशी व्यक्तिगत परवानगी वारसांकडे जात नाही, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता.

समारोप
ज्या समाजात राज्यपालाची परवानगी ही मालकीची पहिली पायरी समजली जाई, तेथील कागद नव्या न्यायव्यवस्थेने निराळ्या कसोटीवर पारखला. तहाने हक्कांचे तत्त्व मान्य केले, तरी ते कोणत्या पुराव्याने सिद्ध करावयाचे हे नव्या राज्यकर्त्यांनी ठरविले. ज्याने गावाचा पहिला रस्ता आखला, त्याच्या वारसांना त्याच गावालगतचे कुरण गमवावे लागले. आज त्या टेकडीवरील एका रस्त्याला दे आरोचे नाव आहे.