इवल्या रुळांवरचा तेल-डेपो

घरातील एखाद्या खोलीत खऱ्या रेल्वेची लहान प्रतिकृती उभारण्याचा छंद अमेरिकेत चांगलाच रुजलेला आहे. पुणेकरांना तो कोथरूडमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयामुळे परिचित आहे. या छंदात इंजिने आणि डबे विकत मिळतात; कसोटी लागते ती गाडी ज्या कामासाठी धावते, ते काम दाखवताना. टँक वॅगनमधून इंधन उतरवून घेण्याची जागा हे त्याचे उत्तम उदाहरण. दोन टाक्या आणि एक कुंपण उभे केले की डेपो झाला, असे अनेकांना वाटते. मात्र वॅगनमधले तेल टाकीपर्यंत पोचते कसे, या प्रश्नाचे उत्तर अशा मांडणीत सापडत नाही.

सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘एचओ’ मापात १ सेंटीमीटर म्हणजे प्रत्यक्षातील ८७ सेंटीमीटर. साठ फूट लांबीची अमेरिकी टँक वॅगन या मापात सुमारे २१ सेंटीमीटरची होते. तीन वॅगनसाठी ७० सेंटीमीटरची साइडिंग पुरते. पण ती पूर्णपणे सपाट हवी.

डिझेल किंवा पेट्रोल बहुधा वॅगनच्या तळाच्या झडपेतून काढले जाते. रबरी नळी, पंप, लोखंडी पाइप आणि मग टाकी, असा त्याचा मार्ग असतो. तेल खाली जाताना वरून हवा आत शिरली नाही, तर निर्वात पोकळीमुळे पोलादी वॅगनही चेपू शकते. त्यामुळे कामगाराला वॅगनच्या माथ्यावर जावे लागते आणि रुळांलगत उंच मंच व शिडी आवश्यक ठरते. याउलट द्रवरूप गॅसच्या वॅगनला तळाशी झडप नसते. सारे जोडकाम माथ्यावरच होते. कोणते इंधन उतरवायचे, हे आधी ठरवावे लागते ते यासाठीच. चार इंची पाइपसाठी सव्वा मिलिमीटर जाडीची तार पुरेशी होते.

टाकीसाठी ११० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा आठ सेंटीमीटर उंचीचा तुकडा कापला, तर प्रत्यक्षातील सुमारे पाच लाख लिटरची टाकी तयार होते. म्हणजेच साधारण चार वॅगनचे तेल. टाकी फुटल्यास तेल बाहेर पसरू नये म्हणून तिच्याभोवती बांध असतो. सर्वांत मोठ्या टाकीच्या क्षमतेपेक्षा दहा टक्के अधिक तेल त्यात मावावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. या हिशेबाने दीड सेंटीमीटर उंचीचा बांध प्रतिकृतीत २४ बाय २४ सेंटीमीटर जागा व्यापतो. नवख्यांचा अंदाज नेमका येथेच चुकतो आणि बांध टाकीला चिकटून उभा राहतो.

उरतात त्या सुरक्षेच्या बारीकसारीक वस्तू. स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून वॅगनला जोडलेली अर्थिंगची तार, सांडलेले तेल झेलणारे रुळांमधील पसरट भांडे, चाकांखालचे अडसर, वॅगन जोडलेली असल्याचा इशारा देणारी पाटी. वॅगनचे ब्रेक लावणे आणि चाकांना अडसर घालणे अमेरिकी नियमांनुसार बंधनकारक आहे.

या वस्तू शोभेसाठी नाहीत, हे कॅनडातील लाक-मेगांतिक गावाने अनुभवले आहे. ६ जुलै २०१३ रोजी कच्च्या तेलाची एक गाडी माणसाविना उतारावर उभी होती. पुरेसे हातब्रेक न लावल्याने ती घरंगळत गावात शिरली आणि आगीत ४७ जणांचा बळी गेला. सपाट साइडिंग आणि चाकाखालचा काडीएवढा अडसर यांचे मोल त्यावरून कळते.

त्यामुळे डेपो उभारताना डिंकाची बाटली उघडण्यापूर्वी कागदावर तेलाचा मार्ग आखणे हेच पहिले काम. वॅगनपासून टाकीपर्यंत बोट फिरवताना ते कोठेही अडले नाही, तर प्रतिकृती बरोबर साधली असे खुशाल समजावे.